दुपारच्या नोंदी

भांडुप, १७ एप्रिल १९८३

प्रिय चंदू,
सप्रेम जय भीम.

तुझं पुण्याचं पत्र पोचलं. नव्या कारखान्यात टाइम ऑफिसचा हेड झालास, क्वार्टर मिळालं, वहिनी खूश आहेत, वाचून बरं वाटलं. इथे आमच्या हॅमर शॉपमध्ये तेच धडाड धडाड चालू आहे. पहिली पाळी साडेतीनला सुटते. कॅन्टीनमध्ये चहा मारतो आणि तू ठेवून गेलेला कॅमेरा गळ्यात अडकवून पाइपलाइनच्या वरच्या डोंगरात निघतो. ऊन अजून कडक असतं. आठ वर्षं आपण याच वेळेला जायचो, कारण आपल्याला दुसरी वेळच नव्हती. पक्षी बघणारे साहेबलोक पहाटे येतात आणि आठला घरी जातात. चारनंतर कोण गातं ते त्यांना कुठे ठाऊक?

पहिल्या दिवशी तुझ्याशिवाय चुकल्यासारखं झालं. तुला लांबून पक्षी दिसायचा, मला तो आधी ऐकू यायचा, असं आपलं चालायचं. आता ऐकू येतो आणि मग मान वर करून शोधत बसावं लागतं. पण शुक्रवारी जमलं. वीज पडून दोन फाका झालेला आपला पांगारा आहे ना, त्याच्या डाव्या फाकेवर दयाळ बसला होता. शेपटी ताठ, चोच उघडी, गातोय तो गातोय. फोटो काढलेत. रोल संपला की धुवून घेईन.

ठरल्याप्रमाणे वही घातली आहे. कोणता पक्षी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे गायला. महिन्याच्या शेवटी उतरवून पाठवत जाईन. सोनूबाई हसते. म्हणते, घरात पंखा हाय आन् हे चालले उनात.

तुझा,
कुंडलिक


पुणे, ३ मे १९८३

कुंड्या,

यादी मिळाली. अरे काय यादी आहे! मी ती इथल्या एका पाक्षिकाच्या संपादकांना दाखवली. ते चष्मा वर करून म्हणाले, "राऊळ, मुंबईच्या उपनगरात दुपारी एवढे पक्षी गातात? कुणी ऐकले?" म्हटलं, माझा मित्र आहे, डोळे मिटून बसला तरी सव्वीस पक्षी ओळखतो. लेखमाला लिहा म्हणाले.

तेव्हा आता तू ऐक, मी लिहितो. तुझं नाव प्रत्येक लेखात येईल, ते सांगायला नको. फक्त तारखा आणि वेळा चोख ठेव. त्यावरच सगळं उभं राहणार आहे.

वहिनींना नमस्कार.

चंदू


भांडुप, २७ मे १९८४

प्रिय चंदू,

यंदाची यादी लहान आहे, रागावू नकोस. शिंजीर मला यंदा ऐकूच आले नाहीत. मार्चपासून असंच आहे. शिंपी नाही, नाचणही नाही. भारद्वाज आहे, कोकीळ आहे, दयाळ लांबून असावा तसा. डोंगराच्या कडेला कामं निघालीत, ट्रक येतात जातात, धूळ उडते.

हे काही छापू नकोस. पुढच्या उन्हाळ्यात बघू काय होतं ते. मला स्वतःलाच अजून नीट कळत नाही.

तू एकदा ये ना. दोघं मिळून वर जाऊ.

कुंडलिक


पुणे, २० जुलै १९८४

कुंड्या,

छापू नकोस म्हणालास, पण अशी गोष्ट दाबून ठेवायची असते का? "भांडुपचे शिंजीर मुके झाले" असा मथळा दिला. ट्रक, धूळ, बांधकाम, सगळं लिहिलं. आजवर माझ्या कुठल्या लेखाला एवढी पत्रं आली नव्हती. एका प्राध्यापकांनी घरी बोलावून घेतलं. मुंबईच्या दोन वर्तमानपत्रांनी लेखातले उतारे छापले. तुझं नाव मी लिहिलं होतं, संपादकांनी जागा नव्हती म्हणून शेवटचा परिच्छेद कापला. पुढच्या वेळी भांडून घालायला लावतो.

आता पुढचा उन्हाळा फार महत्त्वाचा. शिंजीर परत येतात की नाही यावर लोकांचे डोळे लागलेत. एक दिवसही चुकवू नकोस. माझ्या भांडुपच्या फेरीचं बघतो, पण इथून निघणं अवघड आहे रे.

चंदू


भांडुप, २ जून १९८५

प्रिय चंदू,

सोबत यादी. एकूण एक्केचाळीस नोंदी आहेत. शिंजीर परत आले. शिंपी आला, नाचण आली, सुभग आला. तारखा आणि वेळा घातल्या आहेत.

बाकी ठीक. सोनूबाईचा नमस्कार.

कुंडलिक


पुणे, १२ एप्रिल १९८६

कुंड्या,

बातमी ऐक. पुस्तक निघतंय! गेल्या तीन वर्षांच्या नोंदी, यंदाच्या आणि पुढच्या उन्हाळ्याच्या, अशा पाच उन्हाळ्यांचं पुस्तक. प्राध्यापक प्रस्तावना लिहिणार आहेत. ते म्हणाले, गेल्या वर्षी शिंजीर परतल्याची नोंद फार मोलाची आहे.

आता एक काम कर. मुखपृष्ठाला गाणाऱ्या दयाळाचा फोटो हवा. बसलेला नको, गाणारा. चोच उघडी, गळा फुगलेला. आणि यंदाचाच हवा, खाली तारीख छापायची आहे. तुझ्या कानाला तो कुठेही सापडेल. लवकर पाठव, यार.

चंदू


भांडुप, १८ मे १९८६

प्रिय चंदू,

फोटो पाठवतो. परवा दुपारी काढला. पावणेपाच वाजले होते.

यादीही आहे. यंदा खूप फिरलो. काही नोंदींच्या पुढे मी "सो." असं लिहिलंय, ते तुला कधीतरी भेटीत सांगेन.

कुंडलिक


पुणे, ८ जून १९८७

कुंड्या,

यंदाची यादी मिळाली, पुस्तकात टाकली. आता एकूण एकशे बारा नोंदी झाल्या. १९ एप्रिलला ओढ्याजवळ पाच वाजता शीळकरी कस्तुर गायला, ही नोंद वाचून प्राध्यापक खुर्चीतून उठलेच. म्हणाले, एप्रिलमध्येच? तेही दुपारी? हे आजवर कुणी नोंदवलेलं नाही.

तुझं ते "सो." मी ओळखलं. सोमवारी जातोस वाटतं हल्ली. तसं सगळीकडे "सोमवार" करून टाकलं आहे.

मुखपृष्ठ छापून आलं. काय देखणं झालंय! फोटोतला तो आपला फाटका पांगारा मी बघताक्षणी ओळखला. एवढी कामं चालली आहेत तिकडे, तरी तो अजून उभा आहे हे बघून गहिवरून आलं.

चंदू


भांडुप, १३ डिसेंबर १९८७

प्रिय चंदू,

पुस्तक पोचलं. कागद चांगला आहे. मुखपृष्ठ मी टेबलावर उभं करून ठेवलं. शेजारचे येऊन बघून गेले.

मग आत उघडलं. तुझं मनोगत दोनदा वाचलं. प्राध्यापकांचे आभार आहेत, संपादकांचे आहेत, छपाईचे ब्लॉक करणाऱ्याचे आहेत, पुण्याच्या ज्या ग्रंथालयात बसून तू लिहिलंस त्याच्या ग्रंथपालाचे आहेत. माझ्याबद्दल एक ओळ आहे. "भांडुपमधील एका कामगार मित्राची मदत झाली."

शॉपमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझं नाव येणार आहे. अंबादासने मशीनवर पुस्तक चाळलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग मिटून माझ्या हातात दिलं.

फोटोखालीही तुझंच नाव आहे. कॅमेरा तुझा आहे हे खरं.

चंदू, वाहुळे हे आडनाव एवढं लांब नाही की जागा पुरणार नाही. कारण काय ते मला कळतं असं वाटतं, आणि माझं वाटणं चुकीचं ठरावं असंही वाटतं. तेवढं मला कळव.

कुंडलिक


पुणे, १५ फेब्रुवारी १९८८

कुंडलिक,

तुझ्या डिसेंबरच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं. आता ते द्यायची गरज वाटत नाही.

मुलुंडच्या प्रेमा दळवी नावाच्या निवृत्त शिक्षिका आहेत. वीस वर्षं त्या पाइपलाइनच्या रस्त्याने फिरायला जातात. त्यांनी प्राध्यापकांना पत्र लिहिलं. मुखपृष्ठावरच्या फोटोतला दुभंगलेला पांगारा जानेवारी १९८४ मध्ये, विजेचे खांब टाकताना, त्यांच्या डोळ्यांदेखत तोडला. मग मे १९८६ मध्ये त्यावर दयाळ कसा बसला? पुढे लिहितात, १९ एप्रिल १९८७ ला पुस्तकात "सोमवार" छापला आहे, त्या दिवशी रविवार होता. मी कॅलेंडर काढून बघितलं. रविवारच होता.

प्राध्यापकांनी मला बसवून विचारलं, "राऊळ, यातलं तुम्ही स्वतः काय ऐकलंत?" शाळेत छडी खाल्ली तेव्हाही अशी मान खाली गेली नव्हती.

मला खरं काय ते हवं आहे. सगळं.

चंद्रप्रकाश


भांडुप, ६ मार्च १९८८

चंदू,

सगळं सांगतो.

मला ऐकू येत नाही.

एकोणसत्तर सालापासून हॅमरखाली आहे. कान किती वर्षं जात होते कोण जाणे. आधी बारीक आवाज गेले. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये शेवग्यावर शिंजीर बसलेला बघितला, हातभर अंतरावर. चोच हलत होती आणि मला आवाज नाही. मी बोट कानात घालून हलवलं. वाटलं मळ असेल. मग तुला लिहिलं, शिंजीर मला ऐकूच आले नाहीत. ते अक्षर अन् अक्षर खरं होतं. ते मुके झाले असं मी लिहिलं नव्हतं. ते तू लिहिलंस, आणि मी छापू नकोस म्हटलेलं असताना लिहिलंस.

तेव्हाच कळवायला हवं होतं. नाही कळवलं, हा माझा गुन्हा. कारखान्याच्या डॉक्टरला समजलं तर हॅमरवरून काढून झाडू हातात देतील, ही एक भीती होती. दुसरी तुझी. आठ वर्षांत तू मला घरी जेवायला किती वेळा बोलावलंस, मोज. डोंगरात मात्र माझ्याशिवाय पाऊल टाकायचा नाहीस, कारण तिथे तुला माझे कान लागायचे. कान गेले असं कळवलं असतं, तर माझं तुझ्याकडे काय काम राहिलं असतं?

पंच्याऐंशीची यादी खोटी आहे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. त्र्याऐंशीच्या वहीतून दोन-चार दिवस मागेपुढे करून उतरवली. सगळी माणसं शिंजीर परतायची वाट बघतायत असं तू लिहिलंस, म्हणून मी परत आणले. फोटोही त्र्याऐंशीचा. शहाऐंशीचा म्हणून पाठवला. पांगारा तोडलेला मला माहीत होता. तुला कळवलं नव्हतं, कारण तुला त्याचं वाईट वाटलं असतं. मग तू तो ओळखलास, गहिवरलास, आणि मी गप्प बसलो.

आता दुसरं ऐक, ते जास्त महत्त्वाचं आहे.

पंच्याऐंशीची यादी पाठवल्यावर मला झोप लागेना. सोनूबाईला सांगितलं. तिने तोवर ओळखलंच होतं, मी कुकरच्या शिट्टीला उठत नव्हतो. म्हणाली, "मग मी येते की संगं. माजे कान हायेत ना." शहाऐंशीच्या एप्रिलपासून रोज साडेतीनला ती कारखान्याच्या गेटवर येऊन उभी राहायची, डोक्यावर पदर, पायात माझ्या जुन्या चपला. वर गेलो की मी झाड शोधायचो आणि ती ऐकायची. तिला नावं येत नाहीत. ती सांगायची, "ह्यो बारीक हाय, सुई टोचल्यावानी," म्हणजे शिंजीर. "ह्यो चिडलाय, चिट चिट चिट," म्हणजे शिंपी. मी तिच्या बोटाच्या रोखाने बघायचो, पक्षी दिसला की नाव मी लिहायचो. पहिल्या महिन्यात शंभर वेळा चुकलो. एकेका पक्ष्यासाठी आठ-आठ दिवस त्याच झाडाखाली बसलो. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही नोंद केली नाही.

ओढ्याजवळ त्या दिवशी ती थांबली. म्हणाली, "कुनाचं तरी पोरगं शिट्टी मारत घरला चाललंय, पन गानं इसरलंय." मी म्हटलं, इथे पोरगं कुठलं? अर्धा तास दगडावर बसलो. मग तो निळा-काळा कस्तुर उडून समोरच्या खडकावर आला आणि तिने माझा दंड घट्ट धरला. "ह्योच! ह्योच!" १९ एप्रिल, पाच वाजता. रविवार.

"सो." म्हणजे सोमवार नाही रे. सोनूबाई. नोंद तिची आहे म्हणून तिचं अक्षर घातलं. सोमवार तू केलास.

तेव्हा पंच्याऐंशी फाडून टाक. मुखपृष्ठ फाडून टाक. वाटलं तर पुण्यात येऊन त्या प्राध्यापकांसमोर उभा राहतो. पण शहाऐंशी आणि सत्त्याऐंशीच्या "सो."च्या अडतीस नोंदी खऱ्या आहेत. त्या दळवीबाईंना आमच्याबरोबर यायला सांग, सोनूबाई त्यांना एकेक ऐकवेल. तेवढ्या ठेव. तिच्या नावाने नाही ठेवल्यास तरी चालेल.

कुंडलिक


पुणे, ११ एप्रिल १९८८

श्री. कुंडलिक वाहुळे यांस,

तुमचं पत्र प्राध्यापकांना दाखवलं. निरक्षर बाईने ऐकलेलं आणि बहिऱ्या माणसाने लिहिलेलं, हे शास्त्रात धरता येत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि मी त्यांच्याशी वाद घालण्याच्या परिस्थितीत नाही. माझी पाच वर्षं मातीत गेली आहेत. ती कुणामुळे गेली हे तुम्ही स्वतःच लिहून दिलं आहे.

शिल्लक प्रतींमध्ये चिकटवायला चिठ्ठी छापली आहे. तिची एक प्रत सोबत जोडतो.

"शुद्धिपत्र : या पुस्तकातील १९८४ ते १९८७ या काळातील सर्व नोंदी, तसेच मुखपृष्ठावरील छायाचित्राची तारीख, भांडुप येथील कारखाना कामगार श्री. कुंडलिक वाहुळे यांनी दिलेल्या खोट्या माहितीवर आधारित असल्याचे आढळून आले आहे. त्या नोंदी रद्द समजाव्यात. लेखक या फसवणुकीबद्दल वाचकांची क्षमा मागतो."

यापुढे पत्रव्यवहाराचं कारण उरलेलं नाही.

चंद्रप्रकाश राऊळ


भांडुप, ८ मे १९८८

चंदू,

चिठ्ठी मिळाली. आडनाव बरोबर छापलंय, ऱ्हस्वदीर्घ सगळं नीट. जागाही पुरली.

मी खोटं लिहिलं. त्याची शिक्षा मला मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या एकट्याच्या सगळ्या नोंदी रद्द केल्या असत्यास तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

सोनूबाईने विचारलं, "काय लिवलंय त्यात?" टाळता आलं असतं. तिला वाचता येत नाही. पण गेल्या चार वर्षांत माझं टाळून झालं होतं. वाचून दाखवलं. तिने मला परत वाचायला लावलं. मग बराच वेळ तांदूळ निवडत बसली. शेवटी माझ्यासमोर येऊन बसली, मला ओठ दिसावेत म्हणून अगदी जवळ, आणि विचारलं, "म्हंजे त्यो शिट्टी मारत व्हता, ते बी खोटं?"

मी नाही म्हटलं. तू खरंच ऐकलंस म्हटलं. तिने मान हलवली. तिला पटलं नाही ते मला दिसलं. छापलेलं आहे ना ते.

काल मी शर्ट घालून निघालो. ती उठली नाही. म्हणाली, "तुमी जावा. मी ऐकल्यालं चालत न्हाई लोकान्ला."

एकटाच गेलो. ओढ्याला थेंबभर पाणी आहे. पाच-सव्वापाचच्या सुमाराला खडकावर कस्तुर आला. मी त्याला चांगला वीस मिनिटं बघितला. त्याचा गळा हलत होता. एकदा मान मागे टाकून त्याने काहीतरी लांबवलं असावं. फार लांब, कारण पुढे तो दम घ्यायला थांबला.

घरी आलो तर ती दारातच उभी होती. इतक्या रागातही तिला राहवलं नाही. "व्हता का त्यो?"

"होता."

"गायला का?"

मला सांगता आलं नाही.

कुंडलिक